ठोका कुणाचा घ्यायचा?

ठोकेकाकांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझं तोंड पाहिलं नव्हतं, माझा आलेख पाहिला होता.

त्याचं असं झालं. मोठमोठे पंखे बनवणाऱ्या एका कंपनीत चाचण्यांचे अहवाल लिहायची नोकरी मला लागली होती. पहिल्या दिवशी कुणीतरी बोट दाखवलं त्या दारातून मी आत शिरलो. दारावर ‘चाचणी चालू आहे, आत येऊ नये’ अशी पाटी होती, पण अहवाल लिहिणाऱ्यानं वाचायचंही असतं हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. मी चार पावलं टाकली असतील नसतील, तोच अशी काही गर्जना झाली की छताला टांगलेले दिवे हलले, शेजारच्या रंगखात्यात एका पंख्याला उभा पट्टा द्यायचा तो आडवा गेला, वरच्या मजल्यावर कुणाचा तरी चहा कपातून बशीत आणि बशीतून मांडीवर गेला, आणि रस्त्यापलीकडच्या दवाखान्यात एक बाळ तारखेच्या आधी जन्माला आलं. बाळाचं ऐकीव सांगतो; बाकीचं स्वतः अनुभवलेलं आहे.

“कोण आहे तो? आहेस तिथंच थांब! पाय टेकायचा नाही! श्वास घ्यायचाच असेल तर हळू घे!”

मी एक पाय हवेत धरून बगळ्यासारखा उभा राहिलो. एवढा मोठा आवाज ज्या देहातून निघाला होता तो देह मात्र एखाद्या छत्रीएवढा होता. मिटलेल्या छत्रीएवढा. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, एक चष्मा नाकावर, दुसरा कपाळावर. त्यांनी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. ते समोरच्या स्क्रीनकडे बघत होते. स्क्रीनवर एक रेघ अगदी सालस मुलासारखी चालली होती आणि मध्येच तिच्यावर चार टेंगळं आली होती.

“हे कोण?” टेंगळांवर बोट ठेवून त्यांनी विचारलं.

“मी,” मी हवेतल्या पायासकट कबूल केलं.

“डावा पाय आपटतोस. उजवा घाबरत टाकतोस. लग्न झालंय?”

“नाही अजून.”

“झालं की दोन्ही घाबरत टाकशील. ठेव आता पाय खाली.”

तो आलेख त्यांनी छापला, खाली ‘नवे लेखक’ असं लिहिलं आणि भिंतीवर लावला. त्या दिवसापासून मी त्या खोलीचा लेखकराव झालो.

ठोकेकाका हे काही त्यांचं खरं नाव नाही. खरं नाव पगाराच्या पावतीवर असायचं आणि पगार करणाऱ्या माणसाखेरीज ते कुणालाच आठवायचं नाही. दिवसातून निदान पन्नास वेळा ते ‘ठोका’ म्हणायचे, म्हणून ठोकेकाका. हा ठोका म्हणजे काय, ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच घडलं.

पंखा किती थरथरतो हे बघायला त्याच्या अंगावर जागोजागी सेन्सर चिकटवतात. पंखा थरथरला की सेन्सरमधली वीज कमीजास्त होते आणि ती मोजायला एक पेटी असते. आता ही पेटी टक लावून सारखी बघत बसत नाही. तिच्या पोटात एक क्लॉक असतो. तो ठोका देतो, पेटी डोळा उघडते, वीज मोजते, डोळा मिटते. परत ठोका, परत डोळा. सेकंदाला हजार वेळा. या हजार उघडझापींचे हजार आकडे ओळीनं मांडले की त्याचा आलेख होतो.

“किती थरथरला ते कुणीही सांगेल,” काका म्हणायचे. “केव्हा थरथरला ते सांग! केव्हा माहीत नसेल, तर किती घेऊन काय करायचंय? लोणचं घालायचंय?”

आणि हे ते फक्त पंख्यांपुरतं म्हणत नसत. जगातली प्रत्येक गोष्ट ते ठोक्यावर तपासत. एकदा न्हाव्याच्या खुर्चीत बसून त्यांनी त्याला सांगितलं, की तुझी कात्री प्रत्येक चौथ्या वेळी अडखळते. न्हाव्यानं कात्री खाली ठेवली, त्यांच्या गळ्यातलं फडकं काढलं आणि अर्धं डोकं कापलेल्या अवस्थेत त्यांना रस्ता दाखवला. उरलेलं अर्धं काकूंनी कापलं. त्यांच्या मोरीतला नळ गळत होता. काकूंनी प्लंबरला बोलावलं तर काका दारात आडवे झाले. “या घरात नियमानं वागणारा तो एकटाच आहे,” म्हणाले, “त्याला हात लावायचा नाही.”

“आणि मी?” काकूंनी विचारलं.

“तू रविवारी उशिरा उठतेस.”

त्या रविवारी काकू उठल्याच नाहीत. चहा काकांना स्वतः करावा लागला आणि तो त्यांनी इतका मोजून उकळला की शेवटी भांड्यात प्यायला काही उरलं नाही.

असा हा माणूस. आता त्यांचं दुःख सांगतो. ठोकेकाकांच्या दुःखाचं नाव होतं जावईबापू.

काकांच्या सासूबाईंना दोन मुली. धाकटी काकांना दिलेली, थोरली जावईबापूंना. काकांनी लग्न फार उशिरा केलं, त्यामुळे वयानं ते जावईबापूंपेक्षा चांगले बारा-तेरा वर्षांनी मोठे. पण बायको धाकटी, म्हणून सासरी ते धाकटे जावई. आणि हा काल मिसरूड फुटलेला साडू थोरला. बरं, हे सासरपुरतं राहिलं असतं तरी चाललं असतं. पण सासूबाईंनी शब्द टाकला म्हणून काकांनी स्वतः खटपट करून या साडूला आमच्या कंपनीत, आमच्या चाचणीखोलीत चिकटवला होता. म्हणजे कंपनीत काका वरचे, घरी जावईबापू वरचे. दिवसभर “अहो, ती पक्कड आणा इकडे” म्हणून हुकूम सोडणारा माणूस सुट्टीच्या दिवशी सासूबाईंच्या घरी त्याच साडूसाठी खुर्ची मागे ओढायचा.

हे मला इतकं बारीकसारीक ठाऊक असायचं कारण म्हणजे सासूबाईंच्या घराच्या माडीवरची खोली काकांनीच मला भाड्यानं मिळवून दिली होती. सुट्टीच्या दिवशी मला खाली जेवायला बोलावणं असे. खिडकीजवळची हातांची खुर्ची जावईबापूंची. बिनहातांची काकांची. मला स्टूल. वाढायला सुरुवात खिडकीपासून व्हायची.

“घ्या ना जावईबापू, अजून एक चमचा,” सासूबाई म्हणायच्या.

“पुरे आई, साडूभाऊंना वाढा आधी.” जावईबापू गोल चेहऱ्याचे, गोड बोलणारे. त्यांच्या गोड बोलण्यानं काकांना ठसका लागायचा.

“त्यांना वाढते की. ते काय, घरचेच आहेत.”

“आणि मी कुठला आहे?” जावईबापू हसत विचारायचे.

“तुम्ही थोरले!”

काका बिनहाताच्या खुर्चीत हात कुठं ठेवावेत ते न कळून ते ताटात ठेवायचे. माडीवर जाताना जिन्यात मला गाठून एकदा म्हणाले, “लेखकराव, तेवीस वर्षं भाजी दुसऱ्यांदा ढवळलेली खातोय. पहिला चमचा कसा लागतो ते मला माहीत नाही.”

मी हसलो. ते हसले नाहीत.

आता चाचणीखोलीत पेट्याही दोन होत्या. एक काकांची, एक जावईबापूंची. लहान पंख्याला एक पेटी पुरायची, त्यामुळे दोघं आपापल्या कोपऱ्यात आपापला पंखा घेऊन सुखात असायचे. खोलीचे जुने प्रमुख नोकरी सोडून गेले, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी ती जागा लगेच भरली नाही. मॅनेजरसाहेब हा असा माणूस होता की जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा निर्णयसुद्धा ते पुढच्या बैठकीवर टाकत.

तेवढ्यात बोगद्यात हवा खेळवायच्या एका अजस्र पंख्याचं काम आलं. पंखा एवढा, की त्याच्यापुढे उभं राहिलं की आपण माणूस नसून पाचर आहोत असं वाटावं. एका टोकाला मोटर, दुसऱ्या टोकाला पाती, मध्ये लांबलचक दांडा आणि दांड्याच्या मधोमध दोन तुकडे जोडणारं कपलिंग. गिऱ्हाइकाकडून निरीक्षक येणार आणि त्यांच्यासमोर तो काही तास चालवून दाखवायचा होता.

मॅनेजरसाहेबांनी दोघा साडूंना बोलावलं. मी नोंद घ्यायला होतोच.

“हा पंखा पास झाला तर तुमच्यापैकी एकजण खोलीचा प्रमुख,” ते म्हणाले. “नापास झाला तर वरचे लोक म्हणतायत, चाचण्या बाहेरून करून घेऊ. मग खोलीला कुलूप. कोण प्रमुख ते चाचणी कोण कशी सांभाळतो त्यावर ठरवू.”

बाहेर आल्यावर काकांनी मला बाजूला घेतलं. पुढच्या वर्षी ते निवृत्त होणार होते. मग एकदम म्हणाले, “लेखकराव, पगार वाढला नाही तरी चालेल. केबिनही नको. एकदा, फक्त एकदा, सासूबाईंनी म्हणायला पाहिजे, ‘आज आधी प्रमुखांना वाढा.’”

इतकं लहान स्वप्न मी आजवर दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही. माझं स्वतःचंसुद्धा याहून दोन खोल्यांनी मोठं होतं.

एवढ्या पंख्याला एक पेटी पुरणं शक्य नव्हतं. मोटरचं टोक काकांच्या पेटीवर, पात्यांचं टोक जावईबापूंच्या पेटीवर असं ठरलं. आणि इथं माशी शिंकली. दोन पेट्या म्हणजे दोन क्लॉक. दोन्ही म्हणतात सेकंदाला हजार ठोके, पण एकाचे हजार म्हणजे हजारच्या केसभर वर आणि दुसऱ्याचे केसभर खाली. घटकाभरात त्यानं काही बिघडत नाही. काही तास चालवलं की एक पेटी पुढं गेलेली आणि दुसरी मागं रेंगाळलेली. तेव्हा दोन पेट्या एकत्र लावायच्या असतील, तर एकीनं आपला ठोका वायरीतून दुसरीला द्यायचा आणि दुसरीनं स्वतःचा बंद करून तो घ्यायचा, असा नियम. पेटीच्या स्क्रीनवर त्यासाठी एक चौकट असते: क्लॉक इंटर्नल की एक्स्टर्नल. इंटर्नल म्हणजे आपला ठोका. एक्स्टर्नल म्हणजे दुसऱ्याचा.

एवढंच करायचं होतं. एका साडूनं एक बटण दाबायचं होतं.

“माझा घ्या,” काका म्हणाले. “नोकरीत मी वरचा.”

“घेतला असता हो साडूभाऊ,” जावईबापू गोड हसून म्हणाले, “पण आईंना कळलं तर त्यांना काय वाटेल? थोरल्यानं धाकट्याचा ठोका घ्यायचा?”

“पेटीला थोरलं-धाकटं कळत नाही!”

“मग तुम्ही घ्या की माझा.”

काकांचे दोन्ही चष्मे एकदम खाली आले.

शेवटी काय झालं, तर काकांनी आपल्या पेटीतून एक वायर साडूच्या पेटीला लावली, जावईबापूंनी आपल्या पेटीतून एक वायर काकांच्या पेटीला लावली आणि दोघांनी आपापली चौकट इंटर्नलवरच ठेवली. ठोका दोघांनीही दिला. घेतला कुणीच नाही. वायरी मात्र दोन, छान रंगीत, क्लिपांनी नीट बांधलेल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं काय सलोखा आहे!

निरीक्षक म्हणून एक बाई आल्या. केस करड्या क्लिपेत गच्च बांधलेले, खांद्याला फुगलेली पिशवी. बोलायच्या कमी. ठोकेकाकांनी त्यांना वाकून नमस्कार केला, जावईबापूंनी त्याहून जास्त वाकून केला, मग काकांनी आणखी एकदा केला. बाई म्हणाल्या, “पंखा कुठाय?”

पंखा सुरू झाला. दोन्ही टोकांच्या रेघा समोरच्या मोठ्या स्क्रीनवर एकमेकींच्या गळ्यात हात घालून चालू लागल्या. मोटरकडची वर गेली की पात्यांकडची वर, ती खाली की ही खाली. काका खूश. जावईबापू खूश. मॅनेजरसाहेबांनी तर बिस्किटं मागवायचा निर्णय बैठक न घेता घेतला.

पण हळूहळू पात्यांकडची रेघ मागं पडायला लागली. आधी नखभर. मग बोटभर. अर्धाअधिक वेळ उलटला तेव्हा मोटरकडची वर जाई आणि नेमकी त्याच वेळी पात्यांकडची खाली येई. दोघींनी एकमेकींकडे पाठ फिरवली होती.

“कपलिंग घसरतंय,” बाई म्हणाल्या. “मोटर पुढं जातेय, पाती मागं राहतायत. बंद करा.”

पंखा थांबला, तसं मॅनेजरसाहेबांच्या तोंडातलं बिस्किटही थांबलं. फिटरला बोलावलं. त्यानं कपलिंग उघडलं, आतबाहेर पाहिलं, दांड्यावरच्या खुणा तपासल्या आणि वर मान करून म्हणाला, “बाई, हे लग्नातल्या गाठीपेक्षा घट्ट आहे. घसरलेलं नाही.”

बाईंनी स्वतः वाकून बघितलं. खरंच काही नव्हतं. मग त्या उभ्या राहिल्या आणि त्यांनी खोलीत एकच प्रश्न विचारला. “दोन्ही पेट्यांचे क्लॉक जोडलेत ना?”

“ही काय वायर!” दोघं साडू एकाच ठोक्यात म्हणाले. आयुष्यात प्रथमच.

बाईंनी वायरीकडे पाहिलं, मग दुसऱ्या वायरीकडे पाहिलं. दोन वायरी कशाला, असं त्यांच्या कपाळावर उमटलं. पण त्या सभ्य होत्या. “उद्या सकाळी परत चालवा,” म्हणाल्या. “उद्याही असंच दिसलं तर मी नापास लिहून जाणार.”

संध्याकाळी काकांच्या घरी मी चहाला होतो. काका नळाखाली पाय धरून बसले होते. नळ नियमानं गळत होता.

“घ्या ना एकदा त्यांचा ठोका,” काकू म्हणाल्या. “अंगाला भोकं पडणार आहेत का?”

“तेवीस वर्षं घेतोच आहे. घरी.”

“मग तेविसात अजून एक दिवस.”

“अगं, तो थोरला म्हणून मिरवेल.”

“मिरवू दे. खोलीला कुलूप लागलं तर तुम्ही कुठं मिरवणार? इथं? माझ्या स्वयंपाकघरात? दिवसभर? माझ्या लाटण्याचे ठोके मोजत?” काकूंच्या आवाजात जी धास्ती होती ती मी कुठल्या पंख्याच्या आलेखातही पाहिली नाही. “अहो, त्यांच्या पाया पडा, पण कामाला जा!”

काकांनी पाय पुसले. मला म्हणाले, “लेखकराव, सकाळी लवकर ये. दारात उभा राहा. कुणी आलं तर खोक.”

सकाळी खोलीत आम्ही दोघंच. काका आपल्या पेटीसमोर बसले. जन्मभर राखलेली मिशी उतरवायला बसलेला माणूस आरशाकडे बघतो तसे ते स्क्रीनकडे बघत होते. त्यांनी ती चौकट उघडली. बोट इंटर्नलवरून एक्स्टर्नलवर नेलं, मागं आणलं, परत नेलं. चष्मा पुसला. नंतर लक्षात आलं की पुसला तो कपाळावरचा. मग नाकावरचा पुसला. शेवटी डोळे मिटून बटण दाबलं. दाबून झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. छत जागेवर होतं.

“झालं,” ते म्हणाले. “आता मी त्याच्या ठोक्यावर. कुणाला बोलायचं नाही. त्याला तर नाहीच. त्याला कळू दे पास झाल्यावर.”

खरं सांगतो, त्या क्षणी मला त्यांचा फार अभिमान वाटला.

थोड्या वेळानं जावईबापू आले. आज ते नेहमीपेक्षाही गोड होते. “बसा ना साडूभाऊ, तुम्ही बसा आधी,” म्हणाले. काका म्हणाले, “छे, छे, तुम्ही थोरले.” मी चपापलो. काकांच्या तोंडून हा शब्द कामाच्या ठिकाणी कधी निघालेला नव्हता. दोघं एकमेकांकडे बघून असे हसत होते जणू प्रत्येकाच्या खिशात दुसऱ्यासाठी खाऊ आहे.

बाई आल्या. पंखा सुरू झाला. “रेकॉर्डिंग चालू करा,” बाई म्हणाल्या. काकांनी बटण दाबलं, जावईबापूंनी बटण दाबलं. आणि स्क्रीनवर काहीच आलं नाही.

रेघ नाही. टेंगूळ नाही. पंखा पिसाळल्यासारखा घुमतोय, जमीन थरथरतेय, खिडक्यांच्या काचा बोलतायत, आणि दोन्ही पेट्या दोन विधवा मावश्यांसारख्या हात जोडून शांत बसलेल्या. थोड्या वेळानं दोन्ही स्क्रीनवर एकच सूचना आली: ठोका मिळाला नाही, वाट बघणं थांबवलं.

“हे काय?” मॅनेजरसाहेबांचा आवाज इतका वर गेला की तो बैठकीचीही वाट बघेना.

काका आपल्या पेटीवर वाकले. जावईबापू आपल्या पेटीवर वाकले. बाई दोघांच्या मागून दोन्ही स्क्रीन बघत होत्या. आणि मग त्या बाई, ज्या कालपासून एकदाही हसल्या नव्हत्या, त्यांनी पदरानं तोंड झाकलं.

“तुमची पेटी एक्स्टर्नलवर आहे,” त्या काकांना म्हणाल्या.

“हो,” काका मान खाली घालून म्हणाले. “यांचा ठोका घेतलाय मी.”

“आणि तुमचीही एक्स्टर्नलवर,” त्या जावईबापूंना म्हणाल्या.

“हो,” जावईबापूंचा गोल चेहरा लाल झाला. “मी साडूभाऊंचा घेतलाय. रात्री हिनं फार बोलून घेतलं. म्हणून रात्रीच... म्हणजे, मी रात्रीच परत इथं आलो होतो. म्हटलं, वयानं मोठे आहेत.”

पंखा घुमत होता. काल दोघांनी दिला होता आणि घेतला कुणीच नव्हता. आज दोघं ओंजळ पसरून उभे होते आणि देणारा कुणी नव्हता. दोन्ही पेट्या दारात अडलेल्या दोन पाहुण्यांसारख्या ‘आधी तुमचा, आधी तुमचा’ करत ताटकळल्या होत्या.

मला वाटलं, संपलं भांडण. आता एकानं इंटर्नल केलं की झालं. पण छे! खरं भांडण आता सुरू झालं.

“तुमचाच ठोका असू दे साडूभाऊ, मी घेतलाय तो घेतलाय.”

“असं कसं? तुम्ही थोरले. मी घेणार म्हणजे घेणार.”

“अहो, तुम्ही मला नोकरीला लावलंत!”

“ते सासूबाईंनी सांगितलं म्हणून. त्यात माझं काय?”

“मी तुमचा शब्द मोडणार नाही.”

“मोडा हो! मी सांगतो, मोडा!”

आदल्या दिवशी दोघं अहंकारानं अडले होते, तेव्हा निदान आवाज खाली होते. आज नम्रतेनं अडले तर पंख्याचाही आवाज ऐकू येईना. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. जावईबापू त्यांचे हात धरत होते. मॅनेजरसाहेब मध्ये पडून म्हणाले, “चिठ्ठ्या टाकू या का?” फिटर म्हणाला, “मी दाबतो एक बटण, कुणाचंही.” त्यावर दोघं साडू एकदम त्याच्यावर ओरडले, “हात लावायचा नाही!”

बाईंनी घड्याळ पाहिलं. मग त्यांनी खांद्यावरची पिशवी टेबलावर उपडी केली. छत्री, डबा, औषधाची पट्टी यांच्यातून त्यांनी साबणाच्या वडीएवढी एक डबी शोधून काढली. ठोके देणारी. त्यांची स्वतःची.

“बाजूला व्हा,” त्या म्हणाल्या.

त्यांनी दोन्ही रंगीत वायरी उपटल्या आणि आपल्या डबीतून दोन वायरी दोन पेट्यांना लावल्या. चौकटींना हात लावायची गरजच पडली नाही. दोघंही आधीच दुसऱ्याचा ठोका घ्यायला तयार होऊन बसलेले होते.

रेघा आल्या. दोघी गळ्यात हात घालून निघाल्या. पंखा काही तास चालला, मध्ये जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, आणि शेवटपर्यंत त्या एकमेकींपासून नखभरही हलल्या नाहीत. बाईंनी ‘पास’ लिहिलं, डबी पिशवीत टाकली, वर छत्री टाकली आणि निघाल्या. दारात वळून काकांना म्हणाल्या, “तुम्ही चौकट बदललीत ते चांगलं केलंत. पण बदलताना विचारत चला.”

“कुणाला?” काकांनी विचारलं.

“समोर बसतो त्याला,” बाई म्हणाल्या.

त्या सुट्टीच्या दिवशी सासूबाईंच्या घरी दोघं साडू अगदी शेजारी शेजारी बसले होते. जावईबापू म्हणत होते, प्रमुख साडूभाऊच होणार. काका म्हणत होते, तुम्हीच व्हा, मी पुढच्या वर्षी घरी बसणार. काकूंनी ते ऐकलं आणि त्यांच्या हातातला चमचा भाजीत बुडाला. सासूबाई म्हणाल्या, “कोण होणार ते नक्की ठरलं की मला सांगा. तोवर खिडकीपासूनच वाढते.”

अहवाल मी लिहिला. ‘क्लॉकचा स्रोत’ असा एक रकाना असतो. त्यात ‘निरीक्षकांचा’ असं मला लिहावं लागलं. तो अहवाल वरपर्यंत गेला. वरच्या लोकांनी वाचला आणि विचारलं, की दोन पेट्या आणि दोन माणसं असूनही ठोका बाहेरून का आणावा लागला? मॅनेजरसाहेबांनी त्यावर तीन बैठका घेतल्या.

खोलीला कुलूप लागलं नाही. कंपनीनं दोन्ही जुन्या पेट्या काढून एक मोठी पेटी विकत घेतली. तिच्यात क्लॉक एकच असतो आणि ती चालवायला एक माणूस पुरतो. जावईबापूंची बदली रंगखात्यात झाली. प्रमुखाची जागा भरायची गरज नाही असं ठरलं, आणि पुढच्या वर्षी ठोकेकाका सहायक म्हणूनच निवृत्त झाले.